आडातली झडपेची बादली: अर्धं पाणी वर येईपर्यंत का गळतं आणि नेमकं काय सुधारायचं

प्रश्न मोठा होता, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. एका भाऊंनी विचारलंय: माण तालुक्यात त्यांच्या आजोळच्या वाड्यात जुना आड आहे, खोली साधारण ४० फूट. एप्रिल-मे मध्ये तळाला जेमतेम ९-१० इंच पाणी राहतं. साधा पोहरा त्यात बुडत नाही, आडवा पडतो आणि गाळ घेऊन येतो. म्हणून या भाऊंनी प्लास्टिकच्या बादलीच्या बुडाला दीड इंची भोक पाडून वरून सायकलच्या ट्यूबच्या रबराची झडप बसवली, म्हणजे बादली टेकली की पाणी खालून आत यावं. तक्रारी तीन आहेत: भरायला वीस-पंचवीस सेकंद लागतात, वर येईपर्यंत निम्मं पाणी गळून जातं, आणि गाळ येतोच. त्यात एक वाक्य त्यांनी सहज म्हणून लिहिलंय की "घरी ओट्यावर ठेवून भरली तर थेंबही गळत नाही". शेवटी विचारलंय की झडपेवर वजन लावून ती जड करू का, की हे सगळं सोडून सरळ ४ इंची पीव्हीसी पाइपचा उभा डबा करू.

मी बावीस वर्षं हातपंप दुरुस्तीची कामं केली, आता फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. अशा बादल्या पंधरा-वीस तरी केल्या असतील, पहिल्या तीन-चार फसल्या. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं मार खाऊन शिकलेलं आहे.

ओट्यावरच्या त्या वाक्यातच उत्तर आहे भाऊ. तुमची झडप वाईट नाही, ती ज्याच्यावर बसते ती बैठक वाईट आहे. प्लास्टिकच्या बादलीचं बूड पातळ असतं. ओट्यावर ठेवली की खालच्या बोल्टची डोकी ओट्याला टेकतात आणि बुडाला आधार मिळतो. तीच बादली दोराला लटकली की आतलं १२ किलो पाणी बूड खाली दाबतं, बुडाला पोट येतं, आणि भोकाची कड झडपेपासून सुटते. खोटं वाटत असेल तर बादली भरून तुळईला टांगा आणि खाली ताट ठेवा, अर्ध्या मिनिटात कळेल.

आता "जराशी फट" म्हणजे किती ते बघा, कारण इथेच सगळे फसतात. दीड इंची भोकाचा परीघ साधारण १२ सेंटीमीटर. त्याच्याभोवती फक्त १ मिलिमीटर फट राहिली तर एकूण उघडी जागा झाली सव्वा चौरस सेंटीमीटरच्या आसपास. बादलीत दहा इंच पाणी असताना त्या फटीतून सेकंदाला सव्वाशे-दीडशे मिली पाणी जातं. चाळीस फूट ओढायला तुम्हाला ४०-४५ सेकंद लागतात. करा गुणाकार, सहा लिटर. बारा लिटरच्या बादलीतलं निम्मं. तुम्ही लिहिलेल्या आकड्याशी हे इतकं जुळलं की मला दुसरं कारण शोधायची गरजच वाटली नाही.

आता वजनाचं. झडप जड केली की घट्ट बसेल असं सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटलं होतं. माझ्या आत्याच्या आडासाठी पहिली बादली केली तेव्हा दोन इंची भोकावर रबर आणि त्याच्यावर चांगली ४०० ग्रॅमची लोखंडी चकती बसवली, दिसायला एकदम दणकट काम. आडात दहा इंच पाणी होतं. बादली टेकली, मी मनात वीस आकडे मोजले, ओढली, तर आत तीन इंच पाणी! आत्या म्हणाली, एवढ्यासाठी लोखंड कशाला वाया घालवलंस. दुकानात येऊन कागदावर मांडलं तेव्हा उजेड पडला. दोन इंची भोकाचं क्षेत्रफळ वीस चौरस सेंटीमीटर, आणि चकती पाण्यात थोडी हलकी होते म्हणून साडेतीनशे ग्रॅम धरा. ती उचलायला पाण्याची जवळजवळ साडेसतरा सेंटीमीटर म्हणजे सात इंच उंची नुसती झडप उघडण्यात खर्च होते. दहातून सात गेले, उरले तीन, आणि तेवढंच पाणी आत आलं होतं. बादली बिचारी बरोबर काम करत होती.

खोल पाण्यात हे सात इंच कुणाला जाणवणारही नाहीत, कारण बादली आणखी खाली सोडता येते. पण तुमच्याकडे एकूण भांडवलच दहा इंचाचं आहे, त्यातला प्रत्येक इंच वाचवायचा. आणि झडप दाबून धरायला वजन लागतच नाही, ते काम पाणी स्वतः करतं. तीन इंची भोकावर दहा इंच पाणी उभं राहिलं की झडपेवर एक किलोच्या वर दाब येतो. झडप हलकी ठेवा आणि बैठक चोख करा, बाकीचं पाण्यावर सोडा. वजन लावायचंच असेल तर बादलीच्या बुडाला बाहेरून लावा, त्याने बादली पाण्यात सरळ टेकते आणि आडवी पडत नाही. (आणि वजन म्हणून शिसं लावू नका, ते मासेमारीच्या जाळ्याचे गोळे किंवा टायरच्या बॅलन्सिंगचे तुकडे हाताशी असतात म्हणून लोक लावतात, पिण्याच्या पाण्यात शिसं अजिबात नको.)

तर मग बैठक कशी करायची. मी आता बुडाच्या प्लास्टिकवर भरवसाच ठेवत नाही. भंगारातून ४ मिमी जाडीची अॅल्युमिनियमची प्लेट आणायची, बुडाच्या मापाची गोल कापायची आणि बुडाला खालून सहा बोल्टांनी जखडायची. मध्ये भोक पाडून त्यात ७५ मिमी पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवायचा, तो आतल्या बाजूला इंचभर वर आला पाहिजे. तीन इंची टँक निपल (टाकीला पाइप जोडायचा आट्यांचा तुकडा) मिळाली तर सोन्याहून पिवळं, ती दोन्ही बाजूंनी नटाने आवळली जाते आणि तिच्या वायसरमुळे बाजूने गळत नाही. या पाइपची वरची कड म्हणजे तुमची बैठक. उंच का, तर गाळ-रेती बुडाच्या सपाटीवर बसते, इंचभर वर चढून कडेवर थांबत नाही. आणि अरुंद का, तर तेवढाच दाब कमी जागेवर आला की रबर तिथे जोरात चावतं. रुंद सपाट बैठकीवर रेतीचा एक कण आला की झडप अख्खी उचलली जाते. मार्क टू हातपंपाचे किती चेक व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणाऱ्या झडपा) उघडले असतील त्याची गणती नाही, "पंप सकाळी पन्नास वेळा मारल्याशिवाय पाणी येत नाही" अशी तक्रार असली की कितीदा तरी रबराखाली एखादा बारका खडाच सापडायचा.

पाइप करवतीने कापला की कड वाकडीतिकडी येते, ती तशीच ठेवू नका. फरशीच्या टाइलवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून पसरा, पाइपचा तुकडा उभा धरून गोल गोल घासा, कड सगळीकडून सारखी मंद चमकेपर्यंत. मग कडेला खडू लावा, झडप वर अलगद टेकवून उचला. रबरावर खडूचं पूर्ण कडं उमटलं पाहिजे. कुठे तुटक दिसलं तर तिथे गळणार, परत घासा. या कामाला अर्धा तास लागतो आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

झडपेसाठी सायकलची ट्यूब फार पातळ, दाबाने भोकात घुसते आणि दुमडते. ट्रकची ट्यूब चालते, पण ती मुळात गोल असल्यामुळे आपला बाक सोडत नाही, दोन दिवस वजनाखाली दाबून ठेवावी लागते. ३ मिमी नायट्राइल रबरशीट हार्डवेअरवाल्याकडे मिळाली तर तीच घ्या, आणि वास फारच नको असेल तर सिलिकॉन शीट. कन्व्हेयर बेल्टचा तुकडा मात्र नको, जाड असतो, वळतच नाही. रबर भोकात दबू नये म्हणून वरून पातळ स्टीलची चकती लावायची, एखाद्या जुन्या डब्याच्या झाकणातून कापलेली सुद्धा पुरते. ७०-८० ग्रॅमच्या आत सगळं बसवा, म्हणजे पाण्याची फार तर दोन सेंटीमीटर उंची खर्च होते. लोखंडी बिजागरी लावू नका, गंजून अडकते. रबराचीच जीभ बाहेर ठेवून ती दोन बोल्टांनी आवळायची, रबर हीच बिजागरी.

इथे एक चूक हमखास होते. बैठक इंचभर उंच, आणि लोक रबराची जीभ बुडाला बोल्ट करतात. मग रबर मागे खाली ओढलं जातं आणि पुढचं टोक उचलून राहतं, कितीही घासा, गळणारच. जिभेखाली कडेच्याच उंचीचा गुटका द्यायचा, म्हणजे झडप बिनताणाची सपाट पडते. आणि झडप ४५ अंशांच्या वर उघडू नये म्हणून वर एक आडवी तार द्या, नाहीतर ती पूर्ण उभी होऊन तशीच राहते आणि तुम्ही चाळीस फूट रिकामी बादली ओढता.

भोक मोठं केल्याचा फायदा पण मोजून बघा. तुमची बादली साधारण २५ सेंटीमीटर व्यासाची धरली तर दीड इंची भोकातून दहा इंच पाणी आत यायला कागदावर १६ सेकंद लागतात, झडपेचा अडथळा धरून तुमचे वीस-पंचवीस. तीन इंची केलं तर क्षेत्रफळ चौपट, वेळ चार-पाच सेकंदांवर येतो. पण परीघही दुप्पट होतो, म्हणजे बैठक तशीच कच्ची राहिली तर गळतीसुद्धा दुप्पट. म्हणून आधी बैठक, मग भोक, हा क्रम उलटा करू नका.

मोटारीचा तयार फुटबॉल (फूट व्हॉल्व्ह) का लावत नाही असं काही जण विचारतात. तो पंपाच्या ओढीसाठी केलेला असतो, जाळी बारीक, आतली झडप जड. पंपाला त्याचं काही वाटत नाही, पण तुमच्या दहा इंच पाण्याला वाटतं. आणि स्प्रिंगवाला एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह) तर अजिबात नको, तो या पाण्याला उघडणारच नाही.

आता गाळ. बादली सरळ गाळात बसते आणि भोक तळाला चिकटतं, तेव्हा पाणी चिंचोळ्या फटीतून जोरात घुसतं आणि गाळ उडवत आत नेतं. त्यासाठी बादलीला तीन पाय द्या, लांब बोल्टचेच, तळ आणि भोक यांच्यात किमान दीड-दोन इंच मोकळं राहील असे. भोकाच्या व्यासाच्या चौथा हिस्सा एवढी उंची असली की बाजूची वाट भोकाएवढी होते, आपण त्याच्या दुप्पट ठेवतोय म्हणजे पाणी संथ येतं. मच्छरदाणीची जाळी लावू नका, दुसऱ्या खेपेला शेवाळाने भरते. खरा उपाय आडाच्या तळाशी आहे: कप्पीच्या बरोबर खाली एक शहाबादी फरशी सोडून द्यायची, म्हणजे बादलीचे पाय गाळात न रुतता तिच्यावर टेकतात. दोन-अडीचशे रुपयांत गाळाची निम्मी कटकट गेली.

आणि ही फरशी बसवायला कुणी आत उतरणारच असेल तर त्याच फेरीत आणखी एक काम उरकून घ्या, ते मला झडपेपेक्षाही मोलाचं वाटतं. कप्पीखाली तळात दोन फूट रुंद आणि दीड-दोन फूट खोल खळगा काढायचा, त्यात बूड काढलेला प्लास्टिकचा पिंप, खालच्या बाजूला भोकं पाडून, उभा बसवायचा, बाहेरून खडी भरायची आणि फरशी पिंपाच्या तळाला ठेवायची. पाणी तेवढंच राहतं पण एका जागी गोळा होतं, दहा इंचाचं दोन-अडीच फूट होतं, आणि तिथे अर्धवट झडपसुद्धा चालून जाते. तळाला मुरूम असेल तर पहारीने दिवसभराचं काम आहे. काळा पाषाण लागला तर मात्र विसरा, सुरुंग-बिरुंग वाड्यातल्या आडात नकोच. तुमच्या आडाचा तळ कसा आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे तुमच्यावर.

उतरण्याबद्दल एकच, पण गांभीर्याने घ्या. जुन्या बंदिस्त आडात तळाशी हवा खराब असते, माणूस हाक मारायच्या आत खाली पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. झाडाच्या फांद्या किंवा बादली दहा-वीस वेळा खालीवर करून हवा हलवा, कंदील विझला तर उतरूच नका, पण पेटता राहिला म्हणून बिनधास्तही होऊ नका. कमरेला दोर आणि वर दोन माणसं असल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. आणि डिझेल इंजिन आत उतरवून पाणी उपसायचं तर डोक्यातसुद्धा आणू नका.

पीव्हीसी पाइपच्या उभ्या डब्याबद्दल: तो व्हिडिओत छान दिसतो, पण तो बोअरसाठी आहे. ४ इंची पाइपमध्ये दर मीटरला साधारण आठ-साडेआठ लिटर पाणी बसतं, म्हणजे बोअरमध्ये पाण्याचा उभा खांब असेल तर मीटरभर डबा भरून येतो. तुमच्या दहा इंच पाण्यात तो फक्त दोन लिटर आणेल. झिम्बाब्वेमध्ये ब्लेअर प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात असाच झडपेचा उभा डबा, साखळी आणि हाताने फिरवायचा रहाट असा बकेट पंप तयार केला, गावोगाव बसवला. तिथे अरुंद नळीची विहीर आणि तिच्यात एकच डबा कायमचा, त्यामुळे दहा घरांचे दहा पोहरे जमिनीवर लोळून आत जात नाहीत आणि पाणी स्वच्छ राहतं. ही स्वच्छतेची गोष्ट मात्र आपण उचलण्यासारखी आहे: आडाची बादली आडालाच ठेवायची, ओट्यावर टांगून, घरात न्यायची नाही. तुमच्याकडे बंद पडलेला ६ इंची बोअर असेल आणि त्यात पाणी असेल तर तो डबा तिथे जरूर वापरा, पण मोटार आणि केबल आधी बाहेर काढा, दोर गुंतला तर डबाही जाईल आणि बोअरही.

उरलं ते बादली रिकामी करणं. उपडी करायला दहा-बारा किलो कठड्यावर उचलावं लागतं, आजींना ते जमणार नाही. इथे जुनी मोट आठवा. मोटेला झडप नव्हतीच, सोंड होती, आणि ती बारक्या दोराने वर धरलेली असायची. मोट थारोळ्यावर (पाणी ओतायच्या कुंडावर) आली की सोंडेचा दोर ढिला सोडायचा आणि पाणी आपोआप पडायचं. तसंच इथे झडपेच्या पुढच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधा, दुसरं टोक कडीला, मध्ये भरपूर ढील ठेवा म्हणजे ओढताना ताण येणार नाही. बादली कठड्यावरच्या दोन लाकडांवर टेकवायची, खाली कळशी, दोरी उचलली की धार सरळ कळशीत. दुकानाजवळ लेथवाला असेल तर रबराऐवजी थाळी आणि खाली निघालेला दांडा असा व्हॉल्व्ह करता येतो, दांडा टेकला की आपोआप उघडतो, तळालाही आणि कठड्यालाही. छान चालतो, पण दांडा वाकडा झाला की तालुक्याला पळावं लागतं, म्हणून मी खेड्यात रबरच देतो.

कडीचं विसरत होतो. प्लास्टिकचे कान रोजच्या हिसक्याने मेमध्येच तुटतात, नेमके पाणी नसताना. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्टीची झोळी खालच्या प्लेटपासून वर आणा, म्हणजे वजन प्लेट उचलते, बादली नुसती भिंतीचं काम करते. रंगाची किंवा औषधाची बादली घेऊ नका, कितीही धुतली तरी. भंगारातली प्लेट, रबर, नट-बोल्ट आणि पट्टी धरून माझ्याकडे बादली सोडून सहाशे-सातशे रुपये खर्च येतो, तुम्ही घरी केलंत तर कमी.

आत्याची दुसरी बादली अशीच केली होती, आज सहावं वर्ष आहे तिला. रबर दोनदा बदललं, बैठक एकदा घासली, बाकी काही नाही. पहिला पाऊस होऊन आडाला पुरुषभर पाणी चढलं की ती बादली धुऊन माळ्यावर टाकते आणि आपला तांब्याचा पोहरा काढते. मी एकदा म्हटलं, अगं हीच वापर की वर्षभर. म्हणाली, पाणी असताना कशाला, हा आपला आपण बुडतो.